सोफ्याच्या कारखान्यातली तालीम

आत्याने माईक स्टँडवर अडकवला आणि गाडी शिकायला आलेल्या पोरांना सांगते तशा ठाम आवाजात सांगून टाकलं, "माझ्याच्याने होत नाही. उद्या पिपाणीला गाऊ द्या. विषय संपला."

विषय कसला संपतोय! छोटीच्या बाबांच्या सोफ्याच्या कारखान्यात सकाळपासून तोच विषय चालू होता. भिंतींना उभे लावलेले फोमचे जाड ताव, मधे अर्धवट ठोकलेले सोफ्यांचे सांगाडे, आणि त्यांच्या मधोमध दादा, ताई, धाकटा आणि मेव्हणा, म्हणजे बाबा, आत्या, काका आणि मामा, तीस वर्षांनी पुन्हा एकत्र उभे होते. 'तिसरा मजला' हा त्यांचा बँड पुन्हा वाजणार होता. पहिला कार्यक्रम उद्या, आणि मग पुढची पाच शहरं. कुणा कॉलेजच्या पोरांनी त्यांच्या जुन्या कॅसेटमधलं 'लिफ्ट बंद आहे' हे गाणं कुठल्याशा व्हिडिओला लावलं काय, आणि ते वाऱ्यासारखं पसरलं काय! ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता ती पोरं आता जिने चढता चढता ते गाणं म्हणत होती. उद्याची तिकिटं कधीच संपली होती. आई सकाळीच पुढे नाट्यगृहावर गेली होती, आणि तासातासाला तिचा फोन येत होता: "दारावरच्या मोठ्या बोर्डावर गाणारी म्हणून कुणाचं नाव टाकू? रंगवणारा शिडीवर उभा आहे!"

"तो शिडीवर उभा आहे आणि आपण इथे जिन्यात अडकलोय," मामा म्हणाला. मामा चष्म्याचं दुकान चालवायचा आणि बेस वाजवायचा. दोन्ही कामं तो सारख्याच शांतपणे करायचा.

घोडं अडलं होतं ते एका शब्दापाशी. गाण्याच्या शेवटी 'ये वर, ये वर, ये वर' असं तीनदा येतं, आणि तिसरा 'वर' थेट आभाळाला जाऊन भिडतो. कॅसेटमध्ये आत्या तो असा घेते की ऐकणाऱ्याच्या मानेवर काटा उभा राहतो. आज सकाळपासून आत्याने तो सहादा घ्यायचा प्रयत्न केला होता आणि सहाही वेळा आवाज वरच्या पायरीला ठेचकाळून फाटला होता.

मग पिपाणीला उभं केलं. पिपाणी म्हणजे आत्याची मुलगी. लहानपणी रडली की तीन घरं पलीकडे ऐकू जायचं म्हणून हे नाव पडलेलं. तिने पहिल्याच फेरीत तो 'वर' असा सहज घेतला, जसं कुणी फळीवरचा डबा काढावा.

"बघ!" काका गिटार सावरत म्हणाला. "अगदी कॅसेटसारखं! लोकांना हेच हवंय, ताई. लोक कॅसेट पाठ करून येणार आहेत."

"लोकांना आपण हवे आहोत," मामा म्हणाला.

"आपण म्हणजे काय? गाणं म्हणजेच आपण!"

"मग आपण घरीच थांबू. कॅसेट लावून देऊ, आणि तू बाहेर शेंगदाणे विक."

"तुम्ही दोघं जरा गप्प बसता का!" बाबांनी ड्रमसेटच्या झांजेवर एक काठी हाणली. "ताई, तूच सांग. तुझं मन काय म्हणतं?"

"माझं मन गेलं चुलीत, दादा. माझा गळा काय म्हणतो ते सगळ्यांनी ऐकलंय."

ध्वनियंत्रणेच्या टेबलाशी उभी असलेली छोटी हे सगळं श्वास रोखून ऐकत होती. छोटी म्हणजे बाबांची मुलगी. स्वतः आई झाली तरी घरात ती छोटीच राहिली होती. कार्यक्रमांचा आवाज सांभाळणं हे तिचं काम, त्यामुळे दौऱ्यावर तीही जाणार होती, आणि कडेवर पिल्लू. पिल्लू सात महिन्यांचं. त्याच्या कानांवर आवाज अडवणारी टोपणं घातलेली, आणि छोटीचं अर्धं लक्ष कायम त्या टोपणांकडे. घसरली तर? घट्ट बसली तर? एवढ्या ढोलढमाक्यात लेकराच्या कानांना काही झालं तर? रोज रात्री ती त्याच्या उजवीकडून टिचकी वाजवायची, मग डावीकडून, आणि त्याने मान वळवली की मगच झोपायची. डॉक्टरीणबाईंनी दोनदा हसून सांगितलं होतं, कान उत्तम आहेत. पण डॉक्टरीणबाईंना काय जातंय हसायला!

आज मात्र तिला आणखी एक घोर लागला होता. आत्या गायली नाही तर? छोटी लहान असताना अंगाईसाठी आत्याच्या मांडीवर जाऊन बसायची, आणि आत्या तिला गिअर कसे बदलायचे ते सांगायची. गाणं कधीच नाही. तीस वर्षांपूर्वी शेवटच्या कार्यक्रमात भर गर्दीत त्याच 'वर'वर आत्याचा आवाज फाटला होता. पुढच्या रांगेतली पोरं हसली, मग त्यांनीच तो सूर लावून दाखवला. आत्या मागच्या दाराने निघाली ती थेट घरी. आठवडाभराने तिने मोटार शिकवण्याच्या शाळेत नोकरी धरली. बँड तिथेच मोडला. आजोबांनी घराच्या तिसऱ्या मजल्यावरची त्यांची तालमीची खोली रिकामी करून भाडेकरूला दिली, आणि 'सुटलो एकदाचे' म्हणाले.

"अर्धी पट्टी खाली घेऊया की," मामाने सकाळपासून तिसऱ्यांदा सुचवलं. "जगातले सगळे घेतात. वय झालं की घेतात."

हे 'वय' मामा उगाच बोलून गेला.

"मी उतरवून गाणार नाही," आत्या म्हणाली. "उद्या एक जण दुसऱ्याच्या कानात सांगेल, बाई आता खालून गाते. मला नाही चालणार. जे होतं ते तसंच गाईन, नाहीतर मुळीच नाही."

"झालं तर मग," काका म्हणाला. "पिपाणी गाते. दादा?"

बाबा काठीच्या टोकाकडे बघत राहिले. सकाळी ते मामाच्या बाजूचे होते. दुपारी त्यांनी तळ्यात एक आणि मळ्यात एक पाय ठेवला होता. आता ते हळूच म्हणाले, "पोरगी चांगलं गाते, यात वादच नाही."

छोटीने पिपाणीकडे पाहिलं. पिपाणी माईकपासून दूर, रेक्झिनच्या गुंडाळ्यांना टेकून नखं कुरतडत होती. तिचे डोळे मात्र लकाकत होते, आणि ते लकाकणं लपवायला तिने मान खाली घातली होती. हिला गायचंय, छोटीच्या लक्षात आलं. मनापासून गायचंय, आणि आईसमोर तसं म्हणायची सोय नाही.

"चहा घेऊ," बाबा म्हणाले. घरात कुठलाही निर्णय कडू असला की आधी चहा यायचा.

सगळे बाहेरच्या पायरीवर गेले. छोटी पिल्लूला घेऊन फोम ठेवायच्या आतल्या खोलीत शिरली. दार लोटल्यावर तिथे कापसात बसल्यासारखी शांतता होती. तिने पिल्लूची टोपणं काढली, कानांमागे फुंकर घातली, त्याला फोमच्या तावावर बसवलं आणि चघळायला सोफ्याच्या कापडाचा एक नमुना दिला. मग लॅपटॉप उघडला. उद्याची सुरुवात कशी करायची ते तिने ठरवलं होतं. कॅसेटच्या पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी, 'लिफ्ट बंद आहे' संपल्यावर, चुकून राहून गेलेला एक आवाज आहे. तरुणपणीचे बाबा विचारतात, "झालं का रे?" आणि मग खसखस पिकते. नव्या पोरांमध्ये हे तीन शब्द गाण्याइतकेच गाजले होते. अंधारात आधी तेवढंच ऐकवायचं, मग ढोल.

तिने तो तुकडा लावला. "झालं का रे?" किनरा, पोरसवदा आवाज. घरात या आवाजावरून बाबांची कायम थट्टा व्हायची. तेव्हा म्हणे त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं.

पिल्लू कापड चघळत राहिलं.

बाहेरून, पायरीवरून, खऱ्या बाबांची हाक आली, "झालं का रे? चहाला या!" जाडाभरडा, घोगरा आवाज, तोही बंद दारातून गाळून आलेला. पिल्लूने कापड टाकलं, गर्रकन मान वळवली आणि दाराकडे बघून दोन्ही हात हलवले. दिवसातून दहादा ते शब्द ऐकायचं ना ते. त्यांच्यामागून आजोबा येतात हे त्याला पक्कं ठाऊक.

छोटीने हसत पुन्हा तुकडा लावला. पिल्लू ढिम्म. आवाज वाढवला. ढिम्म. तिचं हसू मावळलं. लॅपटॉप त्याच्या उजवीकडे नेला, मग डावीकडे. ढिम्म. ऐकू येत नाहीये? पण दारातून आलेलं तर ऐकलं! म्हणजे कान ठीक. मग?

मग तिने पहिल्यांदा स्वतः नीट ऐकलं. बाबांची मुलगी म्हणून नव्हे, कामाच्या कानांनी. आणि तिच्या लक्षात आलं की पिल्लूचं काही चुकत नव्हतं. हा त्याचा आजोबा नव्हताच.

तेव्हा बाबा चोवीस वर्षांचे होते. चोवीस वर्षांच्या बाप्याचा आवाज फुटायचा राहिलेला असतो होय?

तिने पडद्यावरची वेगाची पट्टी धरली आणि किंचित मागे ओढली. "झालं का रे?" थोडा जाड. आणखी मागे. "झालं का रे?" आता काकासारखा. आणखी एक केसभर. "झालं का रे?"

पिल्लूने कापड टाकलं. दाराकडे पाहिलं. दोन्ही हात हलवले.

छोटीने पट्टीला धक्का न लावता तुकड्याच्या आधीचं गाणं लावलं, फक्त शेवट. 'ये वर, ये वर, ये वर'. ऐकून झाल्यावर तिने पिल्लूला अक्षरशः बखोटीला मारलं, लॅपटॉप दुसऱ्या काखेत घेतला आणि दार लाथेने उघडलं.

"सगळे आत या! आत्ताच्या आत्ता!"

"पिल्लू पडलं का?" बाबा कप टाकून धावले.

"पिल्लू मजेत आहे. मामा, याला धर. याची टोपणं घाल. नाही, उलटी घातलीस, लाल बाजू उजवीकडे! आत्या, तू इथे बस. काही बोलू नकोस. नुसतं ऐक."

तिने लॅपटॉपची वायर मोठ्या स्पीकरला जोडली आणि गाणं सुरुवातीपासून लावलं.

पहिल्या ओळीला कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या ओळीला बाबांचा उजवा पाय आपोआप ताल धरू लागला आणि ते चक्रावून म्हणाले, "अरेच्चा! हे तर आपल्यासारखं वाजतंय. मला कॅसेटबरोबर वाजवताना कायम मागे पडल्यासारखं वाटायचं." मामाने बोटं हवेत बेसवर ठेवली. आणि आत्या, गाडीत शेजारच्या पोराने चुकून ॲक्सिलरेटर दाबला की बसते तशी, ताठ बसून राहिली.

गाण्यातली बाई गात होती. कॅसेटमधली पातळ आवाजाची पोरगी नव्हे. भरदार, किंचित खरखरीत, पायऱ्या दणादण चढत येणारी बाई. तिसरा 'वर' आला. तो आभाळाला भिडला नाही. तो छातीतून निघाला आणि छातीतच घुसला.

"ही मी आहे," आत्या हळूच म्हणाली.

"तूच आहेस. जशी गायलीस तशी. कॅसेटचा वेग वाढलेला आहे, आत्या. सगळंच अर्ध्या पट्टीने वर गेलंय. गिटार, बेस, बाबांचं बोलणंसुद्धा. तू त्या सुरात कधी गायलीच नव्हतीस. कसा वाढला वेग ते मला अजून..."

"त्यात काय, तो मी वाढवला होता की," काका म्हणाला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"असं काय बघताय? तुम्हाला माहीत नाही? कॅसेटच्या पहिल्या बाजूवर शेवटचं गाणं मावत नव्हतं! नेमकं 'ये वर'च्या आधी फीत संपत होती. मग कॉपी करताना मशिनवरचा वेगाचा खटका एवढासा फिरवला. बसलं सगळं. वर 'झालं का रे'ही मावलं. दुसरी बाजूही तशीच केली, नाहीतर दोन बाजूंत फरक दिसला असता." त्याच्या आवाजात अजूनही थोडी शाबासकीची अपेक्षा होती. "एवढ्याशाने काय होतंय म्हटलं."

"आणि त्यानंतर तू गिटार कशावरून लावायचास?" छोटीने विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं. आज सकाळीही तिने ते पाहिलं होतं.

"कशावरून म्हणजे? कॅसेटवरूनच. वॉकमन कानाला लावून. लोकांना कॅसेटसारखंच..."

तो बोलता बोलता थांबला.

"आणि मी तुझ्यावरून बेस लावायचो," मामा म्हणाला. पिल्लू त्याचा चष्मा ओढत होतं, पण त्याला भान नव्हतं. "तरीच! तरीच त्या शेवटच्या महिन्यात तारा तटातट तुटत होत्या! मी दुकानदाराशी भांडून आलो होतो. त्याला चोर म्हणालो होतो मी!"

"म्हणजे गाणं मावावं म्हणून याने सूर चढवला," बाबा एकेक शब्द ठोकत म्हणाले, "मग त्या चढलेल्या सुरात आपल्या सगळ्यांना चढवलं, आणि ताईला त्याच्याही वर उभं करून म्हणाला, गा."

"दादा, माझ्या डोक्यातच आलं नाही रे. शप्पथ."

"तुझ्या डोक्यात येतं तरी काय?"

"थांबा," आत्या म्हणाली.

आत्या उठली, काकासमोर जाऊन उभी राहिली. काका पन्नाशी ओलांडलेला, पण त्या क्षणी असा उभा होता की जणू हातातून बरणी फुटलीय.

"तीस वर्षं," ती म्हणाली, "मी न्हाणीघरातसुद्धा गायले नाही. नळ चालू असताना गुणगुणायचीही भीती वाटायची. ती कॅसेट कुठे लागली की मी रस्ता बदलायचे. ती पोरगी कोण आहे तेच मला कळायचं नाही. एवढं उंच कशी गायली ही, आणि माझं काय झालं, एवढंच डोक्यात."

"ताई..."

"बोलू नकोस. मला आत्ता तुला एक ठेवून द्यायची फार इच्छा होतेय, आणि त्याच वेळी मला इतका आनंद झालाय की हातच उचलत नाहीये." तिने गिटारकडे बोट केलं. "तारा उतरव."

"काय?"

"तारा उतरव म्हणते! जिथे होत्या तिथे आण. दोघांनीही. चला, आटपा. तो माणूस शिडीवर उभा आहे!"

मग जी धांदल उडाली! काका खुंट्या पिळत होता आणि दर तारेला नाक ओढत होता. मामाने पिल्लूला बाबांकडे दिलं, बाबांनी पिपाणीकडे, आणि बेस खांद्याला लागला. आईचा फोन वाजला तेव्हा मामाने तो उचलून नुसतं "ऐक!" म्हटलं आणि स्पीकरवर टाकून सोफ्याच्या सांगाड्यावर ठेवून दिला. छोटी वायरींवरून उड्या मारत टेबलाशी गेली.

आत्याने माईक हातात घेतला. डोळे मिटले नाहीत, काही नाही. समोरच्या रस्त्याकडे बघावं तसं सरळ पुढे पाहिलं आणि बाबांना मान डोलावली.

बाबांनी चार ठोके दिले.

सुतारकाम करणारी दोन माणसं मागच्या दारातून डोकावली, मग चार झाली. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. काकाच्या गिटारीने आधी चाचरत आणि मग बेफाम होत वाट धरली. 'ये वर'. आत्या पहिली पायरी चढली. 'ये वर'. दुसरी. छोटीने डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली. तिसऱ्या 'ये'आधी आत्याने श्वास घेतला, आणि तो श्वास संपायच्या आत 'वर' आला होता. पूर्ण, रुंद, न फाटलेला. ती तो धरून राहिली. गाण्यात आहे त्याहून जास्त धरून राहिली, आणि बाबा ठोका सोडून नुसते बघत राहिले, आणि मामाने तो ठोका एकट्याने ओढून नेला.

गाणं संपलं तेव्हा सुतारांनी शिट्ट्या मारल्या. फोनमधून आई काहीतरी ओरडत होती, बहुधा रंगवणाऱ्याला. काकाने गिटार खाली ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

फक्त पिपाणी हसत नव्हती, टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या कडेवर पिल्लू होतं, आणि ती त्याची टोपणं उगाच नीट करत होती. छोटीला ते दिसलं. तिच्याआधी आत्याला दिसलं.

"काय गं?"

"काही नाही. मस्त गायलीस." पिपाणी हसायला गेली आणि जमलं नाही. "खरंच मस्त, आई. फक्त... मला गायचं होतं गं. तुझा आवाज लागू नये असं मला एकदाही वाटलं नाही, शप्पथ. पण तू सोडलंस तर मला गायचं होतं. कालच रात्री मी आरशासमोर उभी राहून... जाऊ दे. मी वेडी आहे."

काका म्हणाला, "अगं, पुढच्या दौऱ्यात बघू की."

"तू गप्प बस," आत्या, बाबा आणि मामा एकदमच म्हणाले.

आत्याने पिपाणीच्या कडेवरून पिल्लूला उचललं आणि छोटीच्या हातात दिलं. मग लेकीचं मनगट धरून तिला ओढत मधोमध आणलं, आणि दुसरा स्टँड पायाने पुढे सरकवला.

"तीस वर्षं मला वाटत होतं की ती कॅसेटमधली पोरगी माझी जागा खाऊन बसलीय," ती म्हणाली. "तू ती होऊ नकोस. माझ्या जागी गाऊ नकोस. माझ्याबरोबर गा. मी खालून येते, तू वरून ये. जमेल?"

"आपल्या नव्या सुरात वरून म्हणजे..." पिपाणीने मनातल्या मनात चढून पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "ते तर कॅसेटच्याही वर जाईल."

"मग? घाबरलीस?"

"अजिबात नाही!"

"दादा," आत्या म्हणाली, "पहिल्यापासून. आणि या खेपेला मधेच वाजवायचा थांबलास तर मी उद्या ढोल सुतारांना देईन."

बाबांनी काठ्या उचलल्या.